एका संशोधनविषयाची जडणघडण : दिल्ली विद्यापीठातील वनस्पती-भ्रूणविज्ञान (१९४९–१९६६)

प्रास्ताविक

विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत जीवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावापुढे ‘संशोधनाचे विषय’ असा एक स्तंभ असतो. त्यात दोन-चार शब्दच असतात : कोणाचा विषय भ्रूणविज्ञान, कोणाचा ऊतिसंवर्धन, तर कोणाचा पेशीविज्ञान. हा स्तंभ वाचणाऱ्याची अशी समजूत होते की विषयाची निवड ही त्या त्या प्राध्यापकाची वैयक्तिक आवड होय. विज्ञानाच्या इतिहासाकडे पाहिले असता ही समजूत फारशी टिकत नाही. गुरू कोण होते, प्रयोगशाळेत कोणती उपकरणे होती, आसपास कोणत्या वनस्पती सहज मिळत होत्या आणि खर्चाला पैसा किती होता, या गोष्टी विषय ठरवीत असतात. आवड पुष्कळदा त्यानंतर निर्माण होते.

दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात १९४९ ते १९६६ या काळात पंचानन माहेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली जे संशोधन झाले, त्याचा या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणाचा अभ्यास या एका विषयावर जवळजवळ सारा विभाग केंद्रित झाला होता. ही एकाग्रता हे त्या विभागाचे सामर्थ्य की मर्यादा, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात असे आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

पूर्वपीठिका

सपुष्प वनस्पतींच्या प्रजननाविषयीचे मूलभूत ज्ञान एकोणिसाव्या शतकात युरोपात निर्माण झाले. हॉफमाइस्टर यांनी १८४९ साली बीजांडातील भ्रूणाच्या उत्पत्तीचे वर्णन केले. स्ट्रासबुर्गर यांनी १८८४ साली परागनलिकेतील केंद्रक अंडपेशीशी संयोग पावते हे दाखविले. नवाशिन यांनी १८९८ साली आणि पाठोपाठ गीन्यार यांनी १८९९ साली दुहेरी फलनाचा शोध लावला. एक पुंयुग्मक अंडपेशीशी मिळून भ्रूण तयार करते आणि दुसरे मध्यवर्ती केंद्रकांशी मिळून भ्रूणाला अन्न पुरविणारा भ्रूणपोष निर्माण करते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. गहू, तांदूळ, ज्वारी या धान्यांत मनुष्य जे खातो तो मुख्यत्वे हा भ्रूणपोषच होय.

या पायावर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत एक मोठे वर्णनात्मक शास्त्र उभे राहिले. प्रत्येक कुलातील वनस्पती घ्यावी, तिच्या कळ्या निरनिराळ्या वयाच्या अवस्थांत गोळा कराव्यात आणि भ्रूणकोष कसा घडतो याची पायरीपायरीने नोंद करावी, अशी ही पद्धत होती. तिला लागणारे साहित्य मोजके होते. कळ्या स्थिरीकरण-द्रावणात बुडवायच्या, अल्कोहोलच्या चढत्या प्रमाणातून नेऊन त्यांतील पाणी काढायचे, मेणात रुतवायच्या, मायक्रोटोमवर त्यांचे काही मायक्रॉन जाडीचे सलग छेद घ्यायचे, ते काचपट्टीवर चिकटवून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहायचे. एक मायक्रोटोम, एक चांगला सूक्ष्मदर्शक, मेण वितळविण्याचे भट्टीपात्र आणि विलक्षण चिकाटी एवढ्यावर हे काम चालत असे.

पराधीन भारतातील महाविद्यालयांना हाच विषय का मानवला, याचे उत्तर बऱ्याच अंशी या यादीत आहे. भौतिकी वा जीवरसायनशास्त्राला लागणारी उपकरणे येथे दुर्मीळ होती. उलट ज्यांचा भ्रूणवैज्ञानिक अभ्यास कोणीच केलेला नव्हता अशा वनस्पती प्रत्येक कुंपणावर आणि प्रत्येक डबक्यात होत्या. गरिबीने विषय निवडला असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. परंतु ते अर्धे तरी सत्य आहे.

अलाहाबाद ते दिल्ली

पंचानन माहेश्वरी यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूर येथे झाला. अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन महाविद्यालयात विन्फील्ड डजन हे अमेरिकन मिशनरी अध्यापक त्यांना वनस्पतिशास्त्र शिकविण्यास लाभले. वनस्पतींच्या आकारविज्ञानाची आणि भ्रूणविज्ञानाची गोडी त्यांना डजन यांच्यामुळे लागली. शिक्षण पूर्ण झाल्यावर आपण काय द्यावे, असे शिष्याने विचारले असता, मी तुझ्यासाठी जे केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, असे उत्तर डजन यांनी दिल्याची आख्यायिका वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, माहेश्वरींचे पुढील वर्तन तिच्याशी जुळणारे आहे.

अलाहाबाद विद्यापीठाची डी. एस्‌सी. त्यांना १९३१ साली मिळाली. त्यानंतर आग्रा, अलाहाबाद व लखनौ येथे अध्यापन करून ते १९३९ साली ढाका विद्यापीठात गेले आणि तेथे जीवशास्त्राचा विभाग उभारण्याचे काम त्यांनी केले. तत्पूर्वीच, १९३७ साली, त्यांनी भ्रूणकोषांच्या प्रकारांची चिकित्सा करणारा दीर्घ लेख प्रसिद्ध केला होता. त्याचे महत्त्व येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. भ्रूणकोष किती बीजाणू-केंद्रकांपासून घडतो आणि त्यात अखेरीस किती केंद्रके असतात यांवरून त्याचे प्रकार ठरतात. अनेक जुन्या अभ्यासकांनी अपुऱ्या अवस्था पाहून, मधल्या पायऱ्या कल्पनेने भरून, चुकीचे प्रकार नोंदविले होते. लिलीचेच उदाहरण घ्यावे. पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या नमुना म्हणून दाखविल्या जाणाऱ्या या फुलाच्या भ्रूणकोषाचे वर्णन मुळातच चुकले होते, हे बांबाचोनी या इटालियन अभ्यासिकेने १९२८ च्या सुमारास दाखवून दिले. माहेश्वरींनी अशा नोंदी एकत्र करून तपासल्या, संशयास्पद नोंदींवर बोट ठेवले आणि पुन्हा निरीक्षणाची गरज कोठे आहे ते सांगितले. एका पायरीचीही कल्पना करू नये, ती पाहावी, हा दंडक पुढे दिल्लीच्या प्रयोगशाळेचा स्वभाव झाला.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि ढाका पाकिस्तानात गेले. दिल्ली विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून माहेश्वरी १९४९ साली दिल्लीस आले. विभाग नुकताच सुरू झालेला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० साली, सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला आणि जगभर त्या विषयाचा प्रमाणग्रंथ मानला गेला. ‘फायटोमॉर्फोलॉजी’ हे नियतकालिक १९५१ पासून दिल्लीतून निघू लागले. भारतीय विद्यापीठाच्या एका विभागातून निघणाऱ्या नियतकालिकात परदेशी शास्त्रज्ञांनी आपले लेख पाठवावेत, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

एक विषय, अनेक कुले

दिल्लीत प्रारंभीच्या वर्षांत जे काम झाले ते वर्णनात्मकच होते. विद्यार्थ्याला एखादे कुल वा प्रजाती नेमून दिली जाई आणि तो त्यातील वनस्पतींचा भ्रूणवैज्ञानिक इतिहास लिहून काढी. आग्र्यापासून माहेश्वरींचे विद्यार्थी असलेले बी. एम. जोहरी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांडगुळांच्या कुलाचा सखोल अभ्यास केला. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ शेतकऱ्याला नकोसे असते, परंतु भ्रूणवैज्ञानिकाला ते नवल वाटावे असे आहे. कारण या कुलातील काही वनस्पतींचे भ्रूणकोष अंडाशयात न थांबता वर कुक्षीवृंतात वाढत जातात, जणू परागनलिका खाली येण्याची वाट न पाहता तिला सामोरे जावे.

या वर्णनाचा वर्गीकरणाला कसा उपयोग होतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे उपवासाला खाल्ला जाणारा शिंगाडा. बेंथम व हूकर यांच्या वर्गीकरणात शिंगाड्याचा समावेश ओनाग्रेसी या कुलात होता. त्या कुलाच्या भ्रूणकोषात चारच केंद्रके असतात, हे त्याचे ठळक लक्षण. शिंगाड्याचा भ्रूणकोष मात्र आठ केंद्रकांचा आहे. दिल्लीत झालेल्या अभ्यासाने हा आणि असे इतर भेद मांडून शिंगाडा त्या कुलात बसत नाही या मताला बळ दिले. डीएनएच्या आधारे झालेल्या अलीकडील वर्गीकरणातही शिंगाडा ओनाग्रेसीत नाही. तो मेंदीच्या कुलात, लिथ्रेसीत, घातला जातो. काचपट्टीवरील पुरावा येथे खरा ठरला.

तथापि या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दिल्लीचे विद्यार्थी देशातील इतर विद्यापीठांत अध्यापक झाले आणि हाच साचा घेऊन गेले. काही ठिकाणी प्रबंधाचे शीर्षक तेच, कुलाचे नाव तेवढे निराळे, अशी स्थिती आली. प्रश्न हरवला आणि पद्धत उरली. भारतीय वनस्पतिशास्त्र छेद घेण्यातच अडकून पडले, शरीरक्रियाविज्ञान व अनुवंशशास्त्र मागे राहिले, ही टीका त्यामुळे झाली आणि ती निराधार म्हणता येत नाही. मात्र ती स्वतः माहेश्वरींना पुरती लागू पडत नाही, कारण साचा जुना होतो आहे हे त्यांच्या लवकर लक्षात आले होते.

वर्णनाकडून प्रयोगाकडे

पेशी वा भ्रूण वनस्पतीपासून वेगळा काढून काचपात्रात वाढविता येईल, ही कल्पना जुनी होती. हाबरलांट यांनी १९०२ साली सुट्या पेशी वाढविण्याचा प्रयत्न केला. तो फसला, पण कल्पना राहिली. हानिग यांनी १९०४ साली मोहरीच्या कुलातील वनस्पतींचे भ्रूण काचपात्रात वाढविले. १९४१ साली व्हान ओव्हरबीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण नारळाच्या पाण्याच्या साहाय्याने वाढवून दाखविले. १९५५ साली किनेटिन हे पेशीविभाजनाला चालना देणारे द्रव्य सापडले आणि १९५७ साली स्कूग व मिलर यांनी मूळ फुटावे की कोंब, हे दोन संप्रेरकांच्या परस्परप्रमाणावरून ठरते हे सिद्ध केले. माहेश्वरींनी आपल्या विभागाला याच सुमारास या दिशेने वळविले. भ्रूण कसा घडतो हे पाहून झाले होते; आता तो घडविता येतो का, हे पाहायचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विषय बदलला नाही, प्रश्न बदलला. जुन्या वर्णनात जे जे चमत्कारिक म्हणून नोंदविले होते, तेच नव्या प्रयोगांचे साहित्य झाले. लिंबूवर्गीय फळांच्या एका बीत अनेक भ्रूण असतात व त्यांतील बरेचसे फलनाशिवाय, मातेच्या ऊतीपासून निघतात, हे पूर्वीच ज्ञात होते. एन. एस. रंगस्वामी यांनी १९५८ साली तीच मातृ-ऊती काचपात्रात वाढवून तिच्यापासून भ्रूणसदृश रचना व रोपे मिळविली. पुढे १९६५ साली जोहरी आणि एस. एस. भोजवानी यांनी एक्झोकार्पस या वनस्पतीच्या पक्व भ्रूणपोषापासून कोंब मिळविले. भ्रूणपोष ही भ्रूणाला अन्न पुरवून संपणारी ऊती. तिच्यातही नवी वनस्पती निर्माण करण्याचे सामर्थ्य सुप्त असते, हे त्यामुळे दिसून आले. भ्रूणपोषाच्या पेशी त्रिगुणित असल्याने बिनबियांच्या फळांच्या दृष्टीने या प्रयोगाकडे पुढे पाहिले गेले.

परंतु या मालिकेतील सर्वांत सुबक काम कुसुम कांता यांचे म्हणावे लागेल. काही संकरांत परागकण कुक्षीवर रुजतच नाहीत किंवा परागनलिका कुक्षीवृंतात अडते. कुक्षी व कुक्षीवृंत हे अडथळे असतील तर ते वगळूनच टाकावेत, अशी ही साधी युक्ती. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खसखशीच्या प्रजातीतील एका वनस्पतीच्या अंडाशयाला दोन बारीक छिद्रे पाडण्यात आली. एका छिद्रातून सुईने परागकणांचे द्रावण आत सोडले, दुसऱ्यातून हवा बाहेर पडली आणि मग दोन्ही छिद्रे बुजविली. बीजांडांचे फलन झाले. दोन वर्षांनी, १९६२ साली, कांता, रंगस्वामी व माहेश्वरी यांनी याही पुढे जाऊन अफूच्या फुलातील अंडाशयाची भिंतच काढून टाकली, आतील बीजांडे ज्या भागाला चिकटलेली असतात त्या भागासह पोषकद्रव्यावर ठेवली आणि त्यांवर थेट परागकण भुरभुरले. परागकण रुजले, फलन झाले आणि काचनळीतच पक्व बिया तयार झाल्या. सपुष्प वनस्पतीचे परीक्षानलिकेतील फलन म्हणून हे काम ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नंतर हाच प्रयोग पिवळ्या धोत्र्यावरही यशस्वी झाला. (मराठीत धोत्रा म्हटला तरी पिवळा धोत्रा हा अफूच्या कुलातला, खऱ्या धोत्र्याचे, म्हणजे धतुऱ्याचे, कुल वांगी-बटाट्याचे. या खऱ्या धोत्र्याकडे आता वळावयाचे आहे.)

धोत्र्याचा परागकोश

प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असलेली, म्हणजे एकगुणित, वनस्पती निसर्गात क्वचितच आढळते. ब्लेकस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ साली धोत्र्यात तिची नोंद केली होती. वनस्पती-प्रजननकाराच्या दृष्टीने तिचे मोल मोठे असते. दोन वाणांचा संकर केल्यावर शुद्ध वाण मिळविण्यासाठी सहा-सात पिढ्या स्वपरागण करीत राहावे लागते. एकगुणित वनस्पतीची गुणसूत्रे कोल्चिसिनने दुप्पट केली की सर्व जनुकांच्या बाबतीत शुद्ध असा वाण एकाच पिढीत हाती येतो. मात्र अशी झाडे लाखांत एखादी मिळत असतील तर त्यांवर शेती-सुधारणा उभारता येत नाही.

शिप्रा गुहा (१९३८–२००७) यांनी जोहरी यांच्या मार्गदर्शनाखाली कांद्याच्या अंडाशयाचे व बीजांडाचे काचपात्रातील संवर्धन या विषयावर काम केले होते. त्यानंतर सतीशचंद्र माहेश्वरी (१९३३–२०१९) यांच्यासमवेत त्यांनी धोत्र्याचे परागकोश वाढविण्यास घेतले. सतीशचंद्र हे पंचानन माहेश्वरींचे पुत्र. त्यांनी आधी जलशैवालासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या लेम्नेसी कुलाचे भ्रूणविज्ञान केले होते. परागकोशातील पेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन समजून घेणे हा या कामाचा हेतू होता. एकगुणित वनस्पती मिळवावी असा हेतू नव्हता. काही आठवड्यांनी परागकोश फुटून त्यांतून लहान लहान हिरव्या रचना बाहेर आलेल्या दिसल्या.

या क्षणी वर्णनात्मक परंपरा उपयोगी पडली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. परागकोशातून काही वाढ निघाली असे दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत नोंदविले गेले असते आणि ती साधी पेशींची गाठ समजून सोडूनही दिली गेली असती. अमेरिकेत टुलेक यांनी १९५३ साली गिंकोच्या परागकणांपासून पेशींची गाठ मिळविली होतीच. पण गाठ म्हणजे भ्रूण नव्हे. दिल्लीतील संशोधकांची दृष्टी वर्षानुवर्षे भ्रूणाच्या गोलाकार, हृदयाकृती व टॉर्पेडोसारख्या अवस्था पाहण्यात तयार झालेली होती. त्यांनी या रचना भ्रूण म्हणून ओळखल्या. १९६४ साली ‘नेचर’मध्ये त्याचा संक्षिप्त वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

त्या लेखात भ्रूण मिळाल्याचे सांगितले असले तरी ते नेमके कोणत्या पेशींपासून निघाले याबाबत संयम पाळला होता. परागकोशाची भिंत द्विगुणित असते. भ्रूण तिच्यापासून निघाले असतील तर शोधाचे महत्त्व मर्यादितच राहते. मधली पायरी कल्पनेने भरायची नाही, हा दंडक येथे पुन्हा पाळला गेला. निरनिराळ्या दिवसांचे परागकोश तपासून, परागकणाच्या आतच पेशीविभाजन होऊन भ्रूण बनतो हे १९६६ साली त्याच नियतकालिकातील दुसऱ्या लेखात दाखविण्यात आले. पंचानन माहेश्वरी यांचे १८ मे १९६६ रोजी निधन झाले होते; हा लेख छापून आला तो त्यानंतर काही महिन्यांनी. आदल्याच वर्षी, १९६५ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले होते.

पीक कोठे आले

पुढील घटना वेगाने घडल्या, परंतु त्या बहुतांशी दिल्लीबाहेर घडल्या. फ्रान्समध्ये बूर्जां व निच यांनी १९६७ साली तंबाखूच्या परागकोशांपासून एकगुणित झाडे फुलांपर्यंत वाढविली. जपानमध्ये निइझेकी व ओओनो यांनी १९६८ साली भातात यश मिळविले. १९७४ साली कॅनडातील ग्वेल्फ येथे एकगुणित वनस्पतींवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. चीनने या तंत्राचा गहू व भाताच्या वाणांसाठी मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. भारतात शोध लागला आणि पीक इतरत्र आले, असे हळहळून म्हटले जाते. हळहळ समजण्यासारखी असली तरी तिच्यात दोष कोणाचा याची मीमांसा सहसा होत नाही. विद्यापीठाचा विभाग धोत्र्यात शोध लावू शकतो; भातात तो उतरविण्यासाठी प्रजननकार, शेते आणि वर्षानुवर्षांचा निधी लागतो. ही साखळी त्या काळी जुळलेली नव्हती. हा उणेपणा प्रयोगशाळेच्या एकाग्रतेत नसून प्रयोगशाळा व शेत यांच्यामधील अंतरात होता.

विभागातील माणसेही पांगली. इंद्र वासिल, ज्यांनी माहेश्वरींसमवेत नीटमवरील ग्रंथ १९६१ साली लिहिला होता, ते अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात गेले आणि १९९२ साली जनुकांतरित गव्हाची पहिली फलक्षम झाडे मिळविणाऱ्या गटाचे प्रमुख होते. शिप्रा गुहा-मुखर्जी पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. भोजवानी व भटनागर यांचे भ्रूणविज्ञानावरील पाठ्यपुस्तक १९७४ साली निघाले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राच्या अनेक पिढ्यांनी लिलीचा भ्रूणकोष आणि धोत्र्याचा परागकोश त्यातूनच अभ्यासला. सतीशचंद्र माहेश्वरी यांनी मात्र दिल्लीतच राहून भ्रूणविज्ञानाकडून प्रकाश व पुष्पधारणेच्या शरीरक्रियेकडे आणि तेथून रेणवीय जीवशास्त्राकडे आपला विषय नेला. विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात त्यातून वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भाताच्या संपूर्ण जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००५ साली पूर्ण झाला, तेव्हा अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे वाचन करणाऱ्या भारतीय गटात हा दक्षिण परिसर होता.